तारेतून सूर जात नाहीत

डीजे म्हटले की आपल्याकडे मिरवणुकीतली ध्वनिवर्धकांची भिंत आठवते आणि हात आपोआप कानांकडे जातात. मूळ अर्थाने डीजे म्हणजे माणूस; डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा. या माणसाच्या पुढ्यात हल्ली एक पसरट पेटी असते. तिच्यावर दोन गोल चकत्या, पुढेमागे सरकणाऱ्या काही खुंट्या, गोल फिरणाऱ्या काही आणि दोन-तीन डझन बटणे. पेटीतून एक तार निघून शेजारच्या संगणकात जाते. या पेटीला डीजे कंट्रोलर म्हणतात. चकती फिरवली की गाणे खरखरते, खुंटी सरकवली की एक गाणे विरत जाऊन दुसरे वर येते.

या तारेतून पेटीकडून संगणकाकडे काय जाते, असा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. बहुतेकांचे उत्तर ‘गाणे’ असे येईल. प्रत्यक्षात गाणे संगणकातच असते. पेटीला सूर, ताल, आवाज यांतले काहीही ठाऊक नसते. तारेतून जातात ते नुसते आकडे, आणि तेही थोडके. या आकड्यांची भाषा १९८३ साली ठरली. संक्षेपाने तिला मिडी म्हणतात. ती ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डीजे नव्हता. होता पियानोचा पट्ट्यांचा फलक. एका कामासाठी केलेली भाषा दुसऱ्याच कामी इतकी चपखल कशी बसली, आणि बसताना कुठे दाटली, हे पाहण्यासारखे आहे.

संगीत साठवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एडिसनने १८७७ मध्ये ध्वनिलेखक केला, तेव्हा त्याने हवेतली कंपनेच पत्र्यावर कोरली. म्हणजे त्याने आवाज साठवला. दुसरी तऱ्हा वाजवणाऱ्याची कृती साठवण्याची. अमेरिकेत एडविन वोटी याने १८९५ च्या सुमारास पियानोला नावाचे यंत्र केले. त्यात कागदाची लांब गुंडाळी फिरे. कागदाला जिथे छिद्र असेल तिथे हवा आत जाई आणि त्या पट्टीवर लाकडी बोट आपटे. गुंडाळीत आवाज नव्हता. ‘अमुक पट्टी, अमुक वेळी, अमुक इतका वेळ’ एवढेच होते. तीच गुंडाळी चांगल्या पियानोवर लावली तर चांगली वाजे, बिघडलेल्या पियानोवर लावली तर बिघडलेली.

पण प्रत्येक कारखानदाराच्या गुंडाळीची रुंदी निराळी, छिद्रांमधले अंतर निराळे. एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या यंत्रात चालेना. शेवटी डिसेंबर १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो या गावी कारखानदार एकत्र बसले आणि ८८ स्वरांच्या गुंडाळीला एका इंचात नऊ छिद्रे असावीत असे ठरले. आम्हांला ही बैठक पियानोलाच्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते, पण शोधांच्या इतिहासात अशा बैठकांना ओळभरही जागा मिळत नाही.

पाऊणशे वर्षांनी तीच अडचण विजेच्या वाद्यांपुढे उभी राहिली. १९६४ पासून रॉबर्ट मूग याचे सिंथेसायझर प्रसिद्ध होऊ लागले. त्यात स्वराची उंची विद्युतदाबावर ठरत असे: दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने वर. सप्तकात बारा स्वर, तेव्हा शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ८३ मिलिव्होल्टचा फरक. यामाहा आणि कोर्ग या जपानी कंपन्यांची वाद्ये मात्र दुसऱ्या हिशेबाने चालत. सप्तक चढायचे तर दाब दुप्पट करायचा. मूगच्या पट्ट्यांनी कोर्गचे वाद्य वाजवायला जावे तर नुसता बेसूर. त्यातून खोली तापली की दाब सरके आणि स्वरही सरके.

आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांना हा ताप ओळखीचा आहे. एका कंपनीचा मापक दुसऱ्या कंपनीच्या नोंदयंत्राला जोडायचा म्हणजे एके काळी अर्धा दिवस जाई. तिथे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या उपकरणांसाठी तयार केलेली जोडणी १९७५ मध्ये सर्वांसाठी प्रमाण ठरली आणि कामे सोपी झाली. संगीतात अजून तसे काही नव्हते.

याच संधिकाळातला एक प्रसंग मुंबईतला आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. वाद्ये तीन, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र. ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी युरोपातल्या संगीतप्रेमींना तिचा शोध लागला आणि पश्चिमेत नंतर आलेल्या ॲसिड हाउस संगीताशी तिचे साम्य पाहून ते चकित झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. तालयंत्र आणि खर्जयंत्र यांना एका तालात बांधणारी तार रोलंडकडे होती. एका ठोक्यात २४ स्पंदने ती पाठवी, आणि दोन्ही यंत्रे ती मोजून पावले टाकीत. पण ही सोय घरच्या घरातली. त्यात अमेरिकन वाद्य जोडायचे म्हटले तर जमणारे नव्हते.

रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना हे खटकत होते. ओसाकात १९३० मध्ये जन्मलेल्या या माणसाचे आईबाप तो दोन वर्षांचा असताना गेले. तरुणपणी घड्याळे दुरुस्त करून त्याने पोट भरले, क्षयाने काही वर्षे रुग्णालयात काढली, आणि १९७२ मध्ये रोलंडची स्थापना केली. जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात त्यांनी टॉम ओबरहाइम या उत्पादकापाशी विषय काढला: सर्वांच्या वाद्यांना एकच जोडणी का नसावी? तिथून बोलणे कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कंपनीच्या डेव्ह स्मिथपर्यंत पोहोचले. स्मिथने १९७८ मध्ये प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर काढला होता. त्याच्या पोटात सूक्ष्मप्रक्रियक होता, म्हणजे एक छोटा संगणकच. संगणक असेल तर दाबाऐवजी आकडे पाठवता येतात, आणि आकडा खोली तापली म्हणून सरकत नाही.

स्मिथने नोव्हेंबर १९८१ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत एक कच्चा आराखडा मांडला. अमेरिकेतल्या बहुतेक उत्पादकांचा उत्साह लवकरच मावळला. रोलंड, यामाहा, कोर्ग, कावाई या चार जपानी कंपन्या आणि स्मिथ यांनी काम पुढे नेले. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम येथील प्रदर्शनात स्मिथचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली, दुसरे वाद्य वाजले. आठ महिन्यांत, ऑगस्टमध्ये, भाषेचे नियम छापून प्रसिद्ध झाले. काकेहाशी आणि स्मिथ यांनी त्यावर हक्कशुल्क ठेवले नाही, कोणीही वापरावे. दोघांनाही यासाठी २०१३ मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मधल्या काळात स्मिथची कंपनी अडचणीत येऊन १९८७ मध्ये यामाहाच्या ताब्यात गेली होती. २०१५ मध्ये यामाहाने तिचे नाव स्मिथला परत दिले, तेही काकेहाशींनी शब्द टाकल्यावर. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये.

आता ही भाषा जवळून पाहू. पट्टी दाबली की तारेतून तीन आकडे जातात. वानगीदाखल: १४४, ६०, १००. पहिला सांगतो, ‘एक स्वर सुरू कर.’ दुसरा सांगतो, कोणता. पट्ट्यांना ० पासून १२७ पर्यंत क्रमांक आहेत. ६० म्हणजे पेटीवाल्यांची मधली पांढरी एक, ६१ म्हणजे काळी एक, आणि ४४० हर्ट्झची पांढरी सहा ६९ वी. तिसरा आकडा पट्टी किती जोराने दाबली ते सांगतो, तोही १२७ पर्यंतच.

१२७ च का? बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यांतून २५६ आकडे निघतात. मिडीत पहिला बिट ओळखीसाठी राखून ठेवला आहे. तो १ असेल तर बाइट म्हणजे आज्ञा. ० असेल तर नुसती माहिती. उरले सात बिट, आणि दोनाचा सातवा घात १२८. फायदा असा, की मध्येच तार निसटून पुन्हा जोडली तरी ऐकणाऱ्या यंत्राचा गोंधळ उडत नाही. १२८ किंवा त्याहून मोठा आकडा येईपर्यंत ते थांबते आणि तिथून नव्याने वाचू लागते. आज्ञेच्या उरलेल्या बिटांपैकी चार वाहिनीचा क्रमांक सांगतात, म्हणून एका तारेवर सोळा वाद्यांशी बोलता येते. १४४ म्हणजे पहिल्या वाहिनीवर स्वर सुरू; तिसऱ्या वाहिनीवर तीच आज्ञा १४६ होते. विद्यार्थ्यांना हे द्विमान पद्धतीत लिहून पाहायला सांगावे, चटकन उमगते.

वेगही मजेशीर रीतीने ठरला. तारेवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. हा विचित्र आकडा दहा लाखांना ३२ ने भागून आला आहे. त्या काळच्या स्वस्त चिपा सेकंदाला दहा लाख ठोक्यांच्या घड्याळावर चालवता येत, आणि दोनाने पाच वेळा भागणे हे अंकीय मंडलाला सर्वांत सोपे. प्रत्येक बाइटला पुढेमागे एकेक बिट लागतो, म्हणजे दहा बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. तीन आकड्यांना जवळजवळ एक मिलिसेकंद. दहाही बोटे एकदम आपटली तर शेवटचा स्वर पहिल्याच्या सुमारे नऊ मिलिसेकंद मागून येतो. फार वाटते? एवढ्या वेळात आवाज हवेतून तीन मीटर जातो. तबलजी गायकापासून तीन मीटरवर बसला म्हणून मैफल बिघडत नाही.

तारेच्या टोकाची युक्तीही सांगायला हवी. दोन वाद्ये सरळ तारेने जोडली तर त्यांच्या भूजोडण्या एकमेकींत गुंतून ध्वनिवर्धकात गुणगुण येते. म्हणून तारेतली पाच मिलिॲम्पिअरची धारा दुसऱ्या वाद्याच्या दाराशी एक इवलासा दिवा पेटवते, आणि समोरचा प्रकाशग्राही ती उघडझाप वाचतो. दोन वाद्यांमध्ये विजेचा संबंधच राहत नाही. संदेश शेवटची उडी प्रकाशाच्या रूपाने घेतो.

स्वर वाजवण्याखेरीज आणखी एक प्रकारची आज्ञा नियमांत होती. तीही तीन आकड्यांची. १७६ आले की ‘पहिल्या वाहिनीवरची अमुक क्रमांकाची खुंटी अमुक जागी आहे’ असे समजायचे. सातवी खुंटी आवाजाची, दहावी डाव्या-उजव्या कर्ण्याची, ६४ वी पियानोच्या पायपट्टीची, असे काही क्रमांक ठरले. बरेच मोकळे राहिले. डीजेंचे पुढे साधले ते या खुंट्यांमुळे.

डीजेंची परंपरा तोवर स्वतंत्रपणे वाढत होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ऑगस्ट १९७३ मध्ये कूल हर्क या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून मधला तालाचा तुकडा लांबवत नेण्याची तऱ्हा रूढ केली. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे यंत्र १९७२ चे. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत तबकडीची गती आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकती खुंटी आली. दोन गाण्यांचे ठेके जुळवायला तेवढे पुरे. २००० च्या सुमारास गाणी संगणकात शिरली. ट्रॅक्टर हे सॉफ्टवेअर २००० सालचे. मिक्स हे कोणालाही फुकट वापरता येणारे सॉफ्टवेअर २००१ चे, डीजे कसे काम करतात यावरच्या एका डॉक्टरेटच्या संशोधनातून निघालेले. पण माऊस एक आणि डीजेचे हात दोन! खुंट्यांची पेटी हवी होती, आणि तिची भाषा नव्याने रचण्याची गरजच नव्हती. मिडी यूएसबीच्या तारेतून कशी न्यायची याचे नियम १९९९ मध्येच ठरले होते.

डीजे पेटीवरचे ‘चालू’ बटण दाबले की ती, समजा, १४४, ११, १२७ पाठवते. भाषेच्या मूळ अर्थाने ही ‘अकरावी पट्टी जोरात वाजव’ अशी आज्ञा आहे. अकराव्या पट्टीची वारंवारता काढून पाहा: ४४० ला दोनाच्या ५८/१२ घाताने भागायचे. उत्तर सुमारे १५.४ हर्ट्झ येते. हा स्वर माणसाला ऐकूच येत नाही, पियानोवर ती पट्टीही नसते. सॉफ्टवेअर मात्र आपल्या तक्त्यात पाहते, ‘११ आले की पहिले गाणे सुरू करायचे’, आणि तसे करते. हा तक्ता वापरणाऱ्याने भरायचा असतो. तो भरण्याची सोपी रीत म्हणजे सॉफ्टवेअरला ‘शिक’ म्हणायचे, पडद्यावरची कृती निवडायची आणि पेटीवरचे हवे ते बटण दाबायचे. आलेला आकडा ते लक्षात ठेवते. उलट दिशेनेही हेच चालते: गाणे सुरू झाले की संगणक पेटीला तेच तीन आकडे परत पाठवतो आणि बटणाखालचा दिवा लागतो.

पियानोच्या पट्ट्यांसाठी केलेली भाषा इथे कशी चालली याचे उत्तर, आमच्या मते, तिच्या अज्ञानात आहे. वाजणाऱ्या सुराबद्दल ती काहीच सांगत नाही. ‘काय हलले आणि किती’ एवढेच सांगते. अर्थ लावणे ऐकणाऱ्यावर सोपवते. म्हणून त्याच आकड्यांनी रंगमंचावरचे दिवेही पेटवता येतात.

फिरत्या चकतीची गोष्ट तर गणिताच्या शिक्षकांनी जरूर वापरावी. खुंटीला आरंभ आणि शेवट असतो, चकतीला नसतो. तिची जागा ० ते १२७ मध्ये सांगायची कशी? म्हणून ती जागा सांगतच नाही. किती सरकली ते सांगते. एक पाऊल पुढे गेली तर १ पाठवते. एक पाऊल मागे गेली तर? उणे आकड्याला भाषेत जागाच नाही. तेव्हा पाठवते १२७. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तसे इथे १२७ नंतर शून्य येते. शून्याच्या एक घर मागे १२७. म्हणजे १२७ हाच उणे एक! काही उत्पादक ६४ ला मध्य मानून ६५ आणि ६३ पाठवतात. सॉफ्टवेअरला पद्धत नीट सांगितली नाही, तर चकती एक पाऊल मागे नेताच गाणे १२७ पावले पुढे उडी मारते.

आता दाटण्याची बाजू. गतीची खुंटी घेऊ. उणे आठ ते अधिक आठ टक्के हा पल्ला १२७ पायऱ्यांत वाटला तर एक पायरी ०.१२६ टक्क्यांची पडते. हवी ती गती दोन पायऱ्यांच्या मधोमध असेल तर निम्म्या पायरीची, म्हणजे ०.०६३ टक्क्यांची, चूक राहणार. किरकोळ वाटते; पण पाच मिनिटांत ती साचून ०.१९ सेकंद होते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे दोन ठेके एक तृतीयांशाहून जास्त ठोक्याने फाटतात. हे कोणाच्याही कानाला बोचेल. नियमांत यावर तोड होती: पहिल्या ३२ खुंट्यांना एकेक जोडीदार क्रमांक दिला होता. एक आकडा मोठ्या पायऱ्यांचा, दुसरा त्यांच्या मधल्या बारीक पायऱ्यांचा, मिळून १६,३८४ घरे. तोच हिशेब पुन्हा केला तर पाच मिनिटांतली चूक दीड मिलिसेकंदावर येते. चांगल्या कंट्रोलरमध्ये गतीच्या खुंटीला हीच जोडी वापरतात. स्वस्तात पुष्कळदा नाही.

पट्ट्यांचा हट्ट इतका सहज सुटला नाही. आपल्याकडे हा वाद जुना. सलग सुरांचे गाणे सुट्या पट्ट्यांवर कसे बसवायचे, या कारणाने ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. मिडीत मींड काढायची सोय आहे, आणि तिला १६,३८४ घरेही आहेत. पण ती आज्ञा पूर्ण वाहिनीला लागू होते. सतारीवर बाजाची तार खेचून मींड घेताना चिकारीच्या तारा आपल्या जागी राहतात. एकाच वाहिनीवर हे वाजवले तर बाजाबरोबर चिकारीही वर चढते आणि सगळेच हास्यास्पद होते. १९९१ मध्ये वाद्यांची १२८ नावांची प्रमाण यादी ठरली, तिच्यात १०५ व्या जागी सतार आहे, ११२ व्या जागी ‘शनाई’ नावाने सनईही आहे, तबला मात्र नाही. सतारीचा आवाज यादीत आला, तिची मींड बाहेर राहिली. नियम करणाऱ्यांत आपल्याकडचे कोणी नव्हते, एवढे यावरून दिसते. आम्ही याला कट मानत नाही. जो बैठकीला हजर असतो त्याच्या वाद्याचा विचार होतो.

२०१८ मध्ये प्रत्येक वाजत्या स्वराला आपली वाहिनी देण्याची रीत प्रमाण झाली. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात खुंट्यांना ३२ बिट मिळाले आणि एकट्या स्वराला खेचण्याची आज्ञा भाषेतच आली. सतारीला आता चिकारी स्थिर ठेवता येते. पण दुकानातल्या बऱ्याच पेट्या अजून जुनीच भाषा बोलतात, आणि नव्या नियमांनी ते गृहीत धरले आहे. नवे उपकरण जोडले की ते आधी पलीकडच्याला विचारते, तुला नवी भाषा येते का? उत्तर आले नाही तर ते निमूटपणे १९८३ च्या भाषेवर येते. पलीकडे चाळीस वर्षांपूर्वीचा प्रॉफेट-६०० असला, तर १४४, ६०, १०० एवढे तीन आकडे त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि तो पांढरी एक वाजवतो. जोराच्या आकड्याकडे लक्ष देत नाही. पट्टी किती जोराने दाबली हे त्याच्या स्वतःच्या पट्ट्यांनाही कधी कळत नव्हते.